मॅनेजरला काढायचं? आधी पुढच्याचं नाव सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फुटबॉल क्लब एकामागून एक सामने हरतोय, गुणतक्त्यात खाली सरकतोय, प्रेक्षक आपल्याच संघाच्या नावानं ओरडतायत. अशा वेळी मॅनेजरला, म्हणजे मुख्य कोचला, काढावं की वेळ द्यावा? विचारणारा मँचेस्टर युनायटेडचा चाहता आहे. त्याचा कल वेळ देण्याकडे आहे, कारण त्याच क्लबच्या एकेकाळच्या मॅनेजरला, अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला वेळ दिला म्हणून पुढची वीस वर्षं सोन्याची झाली, असं त्याचं म्हणणं.

मी आधी खेळलो, मग मुंबईत आणि कोल्हापुरात कोचिंग केलं, आणि पुढे क्लबच्या तांत्रिक समितीवर बसून असे निर्णय घेण्यातही भाग घेतला. माझ्या मते काढावं की नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की पुढचा माणूस कोण आणि आहेत त्याच खेळाडूंना घेऊन तो नेमकं काय वेगळं करणार. ज्या बैठकीत याचं उत्तर कुणाकडेच नसतं तिथे मी काढू नका म्हणतो, संघ तळाला असला तरी. आणि उत्तर तयार असेल तर थांबू नका म्हणतो, संघ पाचवा असला तरी.

फर्ग्युसनपासूनच सुरुवात करू, कारण प्रत्येक अडचणीतल्या मॅनेजरचे समर्थक हेच उदाहरण पुढे करतात. नोव्हेंबर 1986 मध्ये तो आला तेव्हा युनायटेड 22 संघांत 21वा होता. त्या हंगामात 11वा, पुढच्या हंगामात दुसरा, मग पुन्हा 11वा. सप्टेंबर 1989 मध्ये मँचेस्टर सिटीनं 5-1 नं धुतलं. डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्यानं निघून जावं असा फलक झळकला. जानेवारी 1990 मध्ये एफए कप या इंग्लंडमधल्या बाद स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत मार्क रॉबिन्सच्या गोलवर नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1-0 नं हरवलं, आणि तो गोल झाला नसता तर फर्ग्युसन गेला असता, अशी कथा तयार झाली. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र नंतर सांगितलं, की तो सामना हरलो असतो तरी त्याची नोकरी धोक्यात नव्हती. मला ही गोष्ट गोलपेक्षा महत्त्वाची वाटते. त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये 13वा राहिला. म्हणजे निकाल पाहून त्याला ठेवलं असं म्हणायला जागाच नाही. एडवर्ड्स आणि संचालक मंडळावरचे बॉबी चार्ल्टन निकालाच्या खाली काय चाललंय ते पाहत होते. युवा संघ आणि स्काउटिंग मुळापासून नव्यानं उभं राहत होतं, रायन गिग्ज 14 वर्षांचा असतानाच क्लबशी जोडला गेला होता, पॅलिस्टर आणि इन्स येऊन पुढच्या संघाचा कणा तयार होत होता.

म्हणून या उदाहरणातून ‘वेळ द्या’ एवढाच धडा घेतला तर तो चुकीचा ठरतो. वेळ मिळूनही बुडालेले मॅनेजर कितीतरी आहेत, त्यांची नावं कुणी काढत नाही एवढंच. फर्ग्युसनच्या बाबतीत थांबायला कारण होतं आणि ते कारण डोळ्यांना दिसत होतं.

आता उलट बाजूचं उदाहरण, त्याच क्लबमधलं: एरिक टेन हाग. मला यावर थोडं जास्त बोलायचंय, कारण निर्णय चुकतो म्हणजे नेमकं काय होतं हे इथे पायरीपायरीनं दिसतं.

पहिल्या वर्षी, 2022-23 मध्ये, टेन हागनं 75 गुणांसह तिसरा क्रमांक आणि लीग कप मिळवला. दुसऱ्या वर्षी संघ आठवा आला, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून युनायटेडचा तोवरचा सर्वात खालचा क्रमांक. 57 गोल केले, 58 खाल्ले. 14 सामने हरले. चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न, कोपनहेगन आणि गालातासराय असलेल्या गटात तळाला राहिले, 6 सामन्यांत 15 गोल खाऊन. हे सगळ्यांना दिसत होतं. त्याखालचं चित्र मात्र आणखी वाईट होतं. प्रतिस्पर्धी संघ युनायटेडच्या गोलवर सामन्यामागे सरासरी 17 हून जास्त फटके मारत होते. मोठा क्लब म्हणवणाऱ्या संघाचे हे आकडे नव्हेत, रेलिगेशनशी, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्याशी, झुंजणाऱ्यांचे आहेत. संधीच्या दर्जावरून गोलचा अंदाज बांधतात, ज्याला एक्सजी म्हणतात, तो हिशोब लावला तर युनायटेडची जागा आठव्यापेक्षा बरीच खाली येत होती. गोलकीपर ओनाना आणि थोडं नशीब यांनी त्यांना आठवं ठेवलं होतं.

कारणही मैदानावर दिसत होतं. पुढचे खेळाडू वर जाऊन प्रेस करायचे, म्हणजे चेंडू असलेल्यावर दबाव टाकायचे, बचावफळी मागेच राहायची, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात मिडफिल्डर कासेमिरो एकटा सापडायचा. पहिला प्रेस चुकवला की समोरच्या संघाला सरळ धावत सुटायला मैदान मोकळं. जखमी खेळाडूंची यादी लांब होती हे खरं आहे, लिसांद्रो मार्टिनेझ आणि ल्यूक शॉ बराच काळ नव्हते. पण पहिल्या फळीत आणि शेवटच्या फळीत किती अंतर ठेवायचं हा शिकवण्याचा भाग आहे. दुसऱ्या फळीतले खेळाडूही ते शिकू शकतात. महिनोन्‌महिने तीच भेग तशीच राहते, तेव्हा प्रश्न मॅनेजरचा असतो.

मग 25 मे 2024 आला. एफए कपच्या अंतिम सामन्यात गार्नाचो आणि मेनूच्या गोलवर युनायटेडनं सिटीला 2-1 नं हरवलं. त्या दुपारी संघ खरोखर सुंदर खेळला. क्लबचा फुटबॉल कारभार तेव्हा नुकताच नवे सहमालक जिम रॅटक्लिफ यांच्या माणसांकडे आला होता. त्यांनी हंगामाचा आढावा घेतला, आणि जुलैमध्ये टेन हागचा करार 2026 पर्यंत वाढवला. त्याला उन्हाळ्यात नवे खेळाडू दिले: झर्कझी, योरो, डी लिख्ट, माझरावी, उगार्टे. यातले डी लिख्ट आणि माझरावी त्याच्याच हाताखाली आयाक्समध्ये खेळलेले. आणि 28 ऑक्टोबरला, वेस्ट हॅमकडून 2-1 नं हरल्यावर, 9 सामन्यांत 11 गुण आणि 14वा क्रमांक असताना त्याला काढलं. टेन हाग आणि त्याच्या साथीदारांच्या निरोपाला 1 कोटी 4 लाख पौंड लागले, हे क्लबच्या स्वतःच्या हिशोबात आहे.

ऑक्टोबरमध्ये काढलं हे माझ्या मते चूक नव्हतं. चूक झाली ती मे-जुलैमध्ये. कपच्या एका सामन्यानं 38 सामन्यांचा पुरावा बाजूला सारला. ज्याच्यावर पूर्ण विश्वास नाही अशा माणसाच्या आवडीनं पाच खेळाडू घेतले आणि चार महिन्यांत त्यालाच घालवलं. विश्वास होता तर 9 सामन्यांत तो उडायला नको होता, आणि नव्हता तर करार वाढवायचा नव्हता. क्लबचं सगळ्यात जास्त नुकसान या अर्ध्या मनाच्या निर्णयानं होतं. माणसाला खुर्चीवर ठेवायचं पण पाठीशी उभं राहायचं नाही, हे खेळाडूंच्या लगेच लक्षात येतं.

पुढचं आणखी बोलकं आहे. रूबेन अमोरीम आला स्पोर्टिंग लिस्बनमधून. तिथे तो 3-4-3 खेळायचा, म्हणजे बचावात मधले तीन खेळाडू (सेंटरबॅक), मध्ये चार, पुढे तीन, आणि ही पद्धत आपण सोडणार नाही हे तो लपवत नव्हता. युनायटेडमध्ये सगळी खरेदी चार जणांच्या बचावफळीसाठी झालेली. या रचनेला लागणारा विंगबॅक, म्हणजे बाजूनं बचाव आणि चढाई दोन्ही करणारा खेळाडू, जवळपास नव्हताच. अमोरीमनं स्वतः सांगितलं होतं की त्याला मोसम संपल्यावर यायचं होतं, पण क्लबला तो तेव्हाच हवा होता. त्यानं 11 नोव्हेंबरला सूत्रं घेतली. तो आंतरराष्ट्रीय सुट्टीचा आठवडा होता, निम्मे खेळाडू आपापल्या देशाच्या संघात. 24 नोव्हेंबरला इप्सविचमध्ये पहिला सामना. सगळा संघ समोर उभा करून नवी पद्धत शिकवायला हातात मिळाले मोजके दिवस. त्यानंतर आठवड्याला दोन सामने. असा आठवडा कसा जातो ते सांगतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त सैल व्यायाम, पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी फक्त सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) आणि उजळणी. खरं शिकवण्याचं एकही पूर्ण सत्र उरत नाही. निकाल सगळ्यांना माहीत आहे: 42 गुण, 18 पराभव, 15वा क्रमांक आणि बिलबाओमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून 1-0 अशी हार. ज्यांनी ही रचना उभारायची होती ते स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन अ‍ॅशवर्थ स्वतःच पाच महिन्यांत गेले. आणि जानेवारी 2026 मध्ये अमोरीमलाही काढलं.

इथे वाईट मॅनेजर कोण होता हे शोधण्यात मला रस नाही. अमोरीमनं स्पोर्टिंगला विजेतेपदं मिळवून दिली आहेत, तो कच्चा नाही. पण याच खेळाडूंना घेऊन तो काय वेगळं करणार, हा प्रश्न कुणी नीट विचारला असता तर उत्तर आलं असतं: वर्षभर काहीच नाही, आधी निम्मा संघ बदलावा लागेल. ते मान्य असेल तर मग 15वा क्रमांकही आधीच मान्य करायला हवा होता.

नवा माणूस आला की संघ जिंकायला लागतो, हा अनुभव तुम्हा सगळ्यांचा असेल. तो खोटा नाही, पण त्याचं श्रेय चुकीच्या ठिकाणी जातं. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तिथल्या सर्वोच्च डिव्हिजनचे 1986 ते 2004 चे मोसम तपासले. त्यांनी एक साधी गोष्ट केली: ज्या संघांनी वाईट काळात मॅनेजर काढला त्यांची तुलना, तसाच वाईट काळ येऊनही ज्यांनी काढला नाही त्या संघांशी केली. दोन्ही सावरले, जवळपास सारखेच. माणूस नेहमी सर्वात वाईट क्षणी काढला जातो, त्यामुळे पुढे बहुतेक वेळा थोडं बरंच होतं. कधी जखमी परत येतात, कधी सामने सोपे येतात, कधी पोस्टवर आदळणारा चेंडू आत जायला लागतो.

थोडा खरा परिणामही असतो, तो मी पाहिलाय. बाकावर बसवलेले चार-पाच जण नव्या कोचसमोर पहिले दोन आठवडे जीव तोडून धावतात, आणि ज्यांची जागा पक्की होती तेही दचकतात. पण हा जोर सहा-आठ सामन्यांत ओसरतो. त्याच सहा-आठ सामन्यांच्या भरवशावर क्लब मोठी चूक करून बसतात. इंग्लंडच्या लेस्टर सिटीचं पाहा. मे 2016 मध्ये क्लाउडिओ रानिएरीनं त्यांना विजेतेपद दिलं, ज्यावर सट्टेवाल्यांचा भाव 5000 ला 1 होता. फेब्रुवारी 2017 मध्ये संघ 17वा, रेलिगेशनपासून एका गुणावर, आणि सेव्हियातल्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. जगभर हळहळ झाली, मलाही वाईट वाटलं. पण तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, कारण तिथे माझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर होतं. मिडफिल्डर कांते गेल्यानंतर रानिएरी वेगवेगळ्या रचना करून पाहत होता. त्याचा सहायक क्रेग शेक्सपिअरनं काही नवं आणलं नाही, जुनंच परत आणलं: 4-4-2, खोल बचाव, स्ट्रायकर वार्डीच्या पुढे लांब पास. खेळाडूंना ते झोपेतही करता येत होतं. त्यांनी लिव्हरपूलला 3-1 नं हरवलं, लीगचे सलग 5 सामने जिंकले, चॅम्पियन्स लीगची उपउपांत्य फेरी गाठली, 12वे आले. तोवर सगळं ठीक होतं. मग त्या पाच-सहा आठवड्यांच्या जोरावर शेक्सपिअरला जूनमध्ये तीन वर्षांचा करार दिला आणि ऑक्टोबरमध्ये काढून टाकलं. युनायटेडनं सोल्सकायरच्या बाबतीत तेच केलं. हंगामी म्हणून पहिल्या 19 पैकी 14 सामने जिंकले, मार्च 2019 मध्ये कायम केलं, आणि त्यानंतर त्या मोसमाचा शेवट अगदी पडका झाला. आग विझवणारा आणि घर बांधणारा एकच माणूस असेलच असं नाही. हंगामी माणसाला सुरुवातीलाच सांगावं की मे महिन्यापर्यंत तू, त्यानंतर बाकीच्या नावांबरोबर तुझंही नाव विचारात घेऊ.

मग काढणं कधी बरोबर? माझ्या डोळ्यांसमोर सर्वात स्वच्छ उदाहरण आहे ते बायर लेव्हरकुसेनचं, ऑक्टोबर 2022. आदल्या मोसमात तिसरा आलेला संघ जर्मनीच्या बुंडेसलीगात 17वा होता, 8 सामन्यांत 5 गुण. खेळाडू तेच, दर्जा तोच, वयानं तरुण, बाजारात किंमत असलेले. इतका चांगला संघ इतका खाली असेल तर दोष खेळाडूंत शोधून सापडत नाही. गेरार्डो सेओआनेला काढून त्यांनी शाबी अलोन्सोला आणलं. मोठ्या खेळाडूंचा कोच म्हणून त्याच्या गाठीशी रेआल सोसिएदादच्या दुसऱ्या संघाचाच अनुभव होता, म्हणून अनेकांनी भुवया उंचावल्या. पण क्लबला काय हवं ते माहीत होतं: चेंडूवर ताबा ठेवणारा, जागा समजावून सांगू शकणारा माणूस. तो मोसम सहाव्या क्रमांकावर संपला आणि पुढचा मोसम लीगमध्ये एकही सामना न हरता विजेतेपदानं, 28 विजय आणि 6 बरोबरी. अ‍ॅस्टन व्हिलानंही त्याच महिन्यात जेरार्डला काढून उनाई एमेरीला आणलं. 17वा संघ सातवा आला आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला.

दोन्हीकडे हातातल्या खेळाडूंच्या दर्जापेक्षा संघ फार खाली होता. ही कसोटी मी प्रत्येक वेळी लावतो. लीगमधली जागा बऱ्याच अंशी पगाराच्या बिलावर ठरते, त्यामुळे आधी क्लबनं स्वतःला विचारावं की आपल्या पैशात आपली जागा कितवी. पगारात 18वा असलेला क्लब 18वा असेल तर मॅनेजर आपलं काम करतोय. त्याला काढून काय मिळणार?

स्टीव्ह कूपर या एकाच माणसाच्या बाबतीत दोन क्लब दोन तऱ्हांनी वागले. ऑक्टोबर 2022 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट 8 सामन्यांत 4 गुण घेऊन तळाला होता, लेस्टरकडून 4-0 नं हरला होता. सगळे म्हणत होते आता कूपर गेला. क्लबनं त्याचा करार 2025 पर्यंत वाढवला. त्या उन्हाळ्यात त्यांनी वीसहून अधिक नवे खेळाडू घेतले होते, एकमेकांची नावंही धड माहीत नसलेले. ऑक्टोबरमध्ये त्या संघाची परीक्षा घेणंच अन्याय होता. फॉरेस्ट 16वा राहून टिकला. दोन वर्षांनी तोच कूपर लेस्टरला होता. वर चढून आलेला कमकुवत संघ, 12 सामन्यांत 10 गुण, 16वा, म्हणजे रेलिगेशनच्या बाहेर. त्याला काढलं आणि रूड व्हान निस्टलरॉयला आणलं. युनायटेडचा हंगामी मॅनेजर म्हणून चार सामन्यांत तीन विजय आणि एक बरोबरी, एवढंच त्याचं ताजं भांडवल, आणि त्यातले दोन विजय तर लेस्टरविरुद्धचेच! पुढे लेस्टर घरच्या मैदानावर लीगचे सलग 9 सामने एकही गोल न करता हरला आणि खाली गेला. कूपर राहता तर टिकलाच असता असं मी म्हणणार नाही. पण नव्या माणसानं काय वेगळं करायचं हे ठरलं होतं असं मला त्या मोसमात कुठेच दिसलं नाही.

आकड्यांइतकंच महत्त्वाचं असतं ड्रेसिंग रूम हातातून गेली की नाही हे ओळखणं. बाहेरचे लोक ते भांडणांवरून ओळखायला जातात. भांडण होतंय म्हणजे अजून कुणाला तरी पर्वा आहे. खेळाडू सोडून देतात तेव्हा शांतता असते. चेंडू गमावल्यावर परत धावण्याची पहिली पाच-सहा पावलं बघा, ती संथ झाली की समजा. फिजिओच्या खोलीत गर्दी वाढते, एरवी पट्टी बांधून खेळणारा पोरगा आता दोन सामने सुट्टी मागतो. सरावात कुणी कुणाला ओरडून जागा सांगत नाही. अर्ध्या वेळेत कोच बोलत असताना सीनियर खेळाडू बुटांच्या नाड्या बांधत राहतात. कर्णधार पत्रकारांसमोर कोचचं नाव न घेता ‘आम्ही खेळाडूंनीच बघायला हवं’ म्हणायला लागतो. यातलं एखादं दिसलं तर तो वाईट आठवडा असेल. महिनाभर सगळी एकत्र दिसली तर मात्र कितीही हुशार माणूस असो, त्याचं बोलणं आता पोचत नाही. तिथे मी रचना, आकडे, सगळं बाजूला ठेवून बदल सुचवतो. अट तीच: नाव तयार हवं.

आपल्याकडचं बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. मुंबई एफसी हा कूपरेजवर खेळणारा, आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतला क्लब आठवतो का? खालिद जमील 2009 पासून सात वर्षं तिथे कोच होता. तुटपुंज्या बजेटमध्ये तो दरवर्षी संघ टिकवून ठेवायचा. खेळ देखणा नसायचा, बचाव घट्ट असायचा, रेलिगेशन टळायचं. पगारात तळाशी असलेल्या क्लबसाठी हे मोठं काम होतं. 2016 मध्ये तो गेला. 2016-17 मध्ये संतोष कश्यप कोच झाले, मोसमाच्या मध्यात त्यांनाही बदलून ऑस्कर ब्रुझोनला आणलं, आणि मुंबई एफसी 10 संघांत शेवटची येऊन खाली गेली. त्याच मोसमात खालिदनं मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, मोहन बागानला एका गुणानं मागे टाकून. आज तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा कोच आहे. कोचच्या कामाची किंमत गुणतक्त्यावरून नाही, हातात दिलेल्या साधनांवरून मोजायची, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगतो.

आणि त्याच शहरातलं उलट उदाहरण म्हणजे मुंबई सिटी. नोव्हेंबर 2023 मध्ये मोसम सुरू असताना डेस बकिंगहॅम इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले. डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले, ते मुंबई सिटीमागच्या सिटी फुटबॉल ग्रुपच्याच मेलबर्न सिटीत सहायक होते. चेंडू मागून बांधत आणायचा, प्रेस कुठे सुरू करायचा, हे त्यांना आणि खेळाडूंना दोघांनाही आधीच माहीत. मे 2024 मध्ये कोलकात्यात, मोहन बागानच्या घरच्या मैदानावर, त्यांनी इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना 3-1 नं जिंकला. खेळण्याची पद्धत क्लबची असेल तर मोसमाच्या मध्यात कोच बदलणं शक्य होतं. पद्धत कोचच्या बॅगेतून येत असेल तर तो गेला की तीही जाते, आणि पुढचा आपली बॅग उघडेपर्यंत मोसम संपतो.

आपले बहुतेक क्लब दुसऱ्या प्रकारचे आहेत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ सलग दोन सामने हरला की रात्री तालमीसमोर जमलेल्या गर्दीत कोचचा निकाल लागलेला असतो. त्या लोकांचं प्रेम खरं आहे, त्यांच्या वर्गणीवर संघ उभा आहे, म्हणून त्यांना दोष देणार नाही. पण कार्यकारिणीनं त्या रात्री निर्णय घेऊ नये. पराभवाच्या रात्री घेतलेला निर्णय मी तरी कधी चांगला ठरलेला पाहिला नाही.

वेळेबद्दलही बोललं पाहिजे. बदलायचंच असेल तर सर्वात उत्तम काळ मोसम संपल्याचा, त्यानंतर आंतरराष्ट्रीय सुट्टीचा, पण खेळाडू क्लबच्याच शिबिरात राहणार असतील तरच. सर्वात वाईट काळ एप्रिल. बर्नलीनं एप्रिल 2022 मध्ये 8 सामने उरले असताना शॉन डायशला काढलं. हंगामी माइक जॅक्सननं पहिल्या 4 सामन्यांत 10 गुण मिळवले, सगळे खूश झाले, आणि शेवटच्या दिवशी क्लब खाली गेलाच. लीड्सनं 2022-23 मध्ये मार्श, मग ग्रासिया, आणि शेवटच्या 4 सामन्यांसाठी अ‍ॅलरडाइस आणला, त्या चारांत 1 गुण मिळाला. एवढ्या उशिरा नवा माणूस शिकवू शकत नाही, फक्त धीर देऊ शकतो, आणि धीर द्यायला सहायक कोच पुरतो.

एक उदाहरण मला अजून पुरतं पटलेलं नाही, पण विचार करायला लावतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये लेव्हरकुसेननं टेन हागलाच, बुंडेसलीगाच्या फक्त 2 सामन्यांनंतर, काढलं. दोन सामन्यांवरून माणूस कळत नाही, हे उघड आहे. पण क्लबच्या म्हणण्याचा रोख सामन्यांवर नव्हताच. या रचनेत, या माणसाबरोबर संघ बांधला जाणार नाही हे आतल्या दोन महिन्यांत दिसलं, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हिर्ट्झ, झाका, ताह असे आधारस्तंभ गेलेले असताना नव्या कोचला दोन महिने देणं मला कमी वाटतं. तरी पटलेलं नसताना मोसमभर रेटत नेण्यापेक्षा हे प्रामाणिक होतं. खरा प्रश्न त्याला नेमणाऱ्यांना विचारायला हवा, की उन्हाळ्यात मुलाखतीच्या टेबलावर हे का दिसलं नाही?

शेवटी, काढायचं ठरलंच तर ते कसं करायचं यावर क्लब फार कमी विचार करतात, आणि उरलेल्या मोसमावर त्याचा थेट परिणाम होतो. अध्यक्षांनी स्वतः, समोर बसून, सराव सुरू होण्याआधी सांगावं. फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच. ज्या सहायकांना ठेवायचं आहे त्यांना त्याच तासात स्पष्ट सांगावं, नाहीतर गोलकीपर कोच आणि फिटनेस कोच आठवडाभर आपल्याच नोकरीची चौकशी करत फिरतात. मग खेळाडूंना एकत्र बसवून, पत्रकारांना कळण्याआधी, दोन वाक्यांत कारण सांगावं आणि जाणाऱ्याबद्दल वाईट बोलू नये, कारण त्या खोलीत त्याला मानणारे पाच-सहा जण असतातच आणि शनिवारी तेही खेळणार असतात. त्यानंतर त्याच दिवशीचा सराव ठरलेल्या वेळी, जो माणूस पुढे संघ सांभाळणार आहे त्याच्या हाताखाली सुरू करावा.